सुपरमार्केटमधलं स्वस्त पॅक चिकन घ्यावं का?

मोशीकर_वडील
नमस्कार मंडळी. आमच्या इथे नवीन सुपरमार्केट झालंय, तिथे फ्रीझरमधे चिकनची पाकिटं कायम ऑफरवर असतात. करी कट 450 ग्रॅम 99 रुपयांना. आमचा नेहमीचा चिकनवाला सध्या स्किनलेस 260 ने देतोय आणि रविवारी त्याच्याकडे ही लाईन असते. घरात आम्ही पाच जण, बुधवार-रविवार नॉनव्हेज लागतंच, त्यामुळे महिन्याचा फरक बऱ्यापैकी पडेल. पण आई म्हणते डोळ्यासमोर कापलेलंच खायचं, आणि बायकोचं म्हणणं की एवढं स्वस्त म्हणजे इंजेक्शन दिलेली नाहीतर जुनी कोंबडी असणार. लहान मुलं आहेत म्हणून विचारतोय, कोणी रेग्युलर घेतं का? चवीत फरक पडतो का?

रस्सा_आणि_भाकरी
दादा, पहिलं म्हणजे किलोचा हिशोब करा. 450 ग्रॅमला 99 म्हणजे किलोला 220 पडले. हे पाकीट मुद्दाम 450 चं असतं, आपण नजरेने अर्धा किलो धरतो आणि 198 किलो समजून टोपलीत टाकतो. तरीही 260 पेक्षा 40 रुपये कमीच आहेत म्हणा, पण फ्रोजन असेल तर त्यातलं पाणी वजा करायला पाहिजे. घरी आणलं की पाकीट रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एका खोल भांड्यात ठेवा, सकाळी भांड्यात किती गुलाबी पाणी साठलंय ते बघा आणि मग नुसते पीस वजनकाट्यावर ठेवा. चांगल्या कंपनीचं असेल तर थोडंच सुटतं, काहींचं एवढं सुटतं की कढईत तेलावर परतायला टाकलं तर परतलं जातच नाही, उकळायलाच लागतं, मसाला धरत नाही. असलं असेल तर तुमचे 40 रुपये त्या पाण्यातच गेले.

थंड ट्रेमधलं (गोठवलेलं नाही ते) घेत असाल तर ट्रे जरा तिरका करून बघायचा. खाली तो पांढरा पॅड असतो, तो फुगून लाल झालेला असेल आणि वर पण पाणी हलत असेल तर ठेवून द्यायचा. पाकीट फोडल्यावर कोंदट वास येतो त्याला लगेच घाबरू नका, हवाबंद पाकिटाचा येतो तो, दहा मिनिटं फ्रीजमधेच उघडं ठेवलं की जातो. नाही गेला आणि हाताला बुळबुळीत लागलं तर सरळ टाकून द्यायचं, हळद-मीठ लावून वास मारायला जायचं नाही.

चवीचं म्हणाल तर रश्श्याला काही फरक कळत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून घातलं, पीस आधी आलं-लसूण-हळद-मिठात मुरवले तर पाहुण्यांना पण ओळखू येणार नाही. सुकं करायचं असेल, तंदुरी करायची असेल किंवा आळणी पाणी काढून मुलांना द्यायचं असेल तर मी ताजंच आणते, आळणीत चिकनचीच चव असते, तिथे लपत नाही.

शेड_नंबर_दोन
मी सातारा भागात कंत्राटी पोल्ट्री करतो म्हणून लिहितोय. वहिनींना सांगा, इंजेक्शनचं डोक्यातून काढा. पिल्लू, खाद्य, औषध सगळं कंपनी देते, आम्ही शेड, लाईट-पाणी आणि मजुरी घालतो आणि किलोमागे वाढवणुकीचे पैसे मिळतात. हजारो पक्ष्यांना एकेक करून हार्मोनचं इंजेक्शन द्यायला माणसं कुठून आणायची आणि ते परवडणार कोणाला? पक्षी 35 ते 42 दिवसांत दोन किलोच्या वर जातो तो त्याच्या जातीमुळे, पिढ्यानपिढ्या निवड करून ही जात बनवलीय, आणि मका-सोयाच्या खाद्यामुळे. जुना पक्षी म्हणाल तर तेही नाही, ब्रॉयलर जास्त दिवस ठेवला की खातो जास्त आणि वाढतो कमी, तोटा होतो, म्हणून वेळेत उचल होतेच.

दुकानातला पक्षी आणि पाकिटातला पक्षी वेगळा नसतो हे लक्षात घ्या. एकाच शेडमधला अर्धा माल व्यापाऱ्याच्या गाडीत जिवंत जातो आणि अर्धा प्रोसेसिंगला जाऊ शकतो. स्वस्त कसं पडतं तर रेटमुळे. जिवंतचा रेट रोज बदलतो, गटारीच्या आधी चढतो, श्रावणात आपटतो. त्या पडलेल्या रेटमधे मोठ्या कंपन्या माल कापून -18 अंशाला ठेवतात आणि नंतर ऑफर लावतात. दुकानदाराला ते जमत नाही, त्याला आजचा पक्षी आजच विकायचाय. दोन किलोच्या जिवंत पक्ष्यातून स्किनलेस साधारण सव्वा किलो ते एक किलो तीनशे ग्रॅम निघतं, म्हणजे जिवंत 150 रुपये किलोने आणला तरी त्याला चिकन घरातच किलोला 230 च्या आसपास पडतं, वर भाडं, कामगार, बर्फ. 260 ने देतो तो काही लुटत नाहीये, एवढं मला सांगायचंच होतं.

खरी विचारायची गोष्ट अँटिबायोटिकची आहे. औषध दिल्यावर ठराविक दिवस पक्षी विकायचा नसतो, ते सगळे पाळतात असं मी छातीठोक म्हणणार नाही. कोलिस्टिनवर 2019 मधे केंद्राने बंदी घातली ती योग्यच केली, माणसाला शेवटचा उपाय म्हणून वापरायचं औषध ते. पण हा प्रश्न स्वस्त-महाग दोन्हीकडे आहे, आणि डोळ्यासमोर कापला म्हणून तो सुटत नाही.

सिंहगडरोडकर
मी अजिबात घेत नाही आणि कारण चव नाही, कोल्ड चेन आहे, म्हणजे कंपनीपासून दुकानापर्यंत माल सतत थंड राहणं. कंपनीतून -18 ला निघालं हे मान्य, पण सुपरमार्केटच्या मागच्या दाराला टेम्पोतून उतरवलेली खोकी उन्हात पडलेली मी बघितलीत, दुपारी एक वाजता, पाकिटांवरून पाणी गळत होतं. तेच पुन्हा फ्रीझरमधे जातं. पाकिटात आतून बर्फाचा मोठा थर दिसला किंवा सगळे पीस एका ढेकळात चिकटलेले दिसले तर समजायचं मधे कुठेतरी वितळून परत गोठलंय. तारीख आत असून उपयोग नाही मग. दुकानात निदान पक्षी डोळे उघडून उभा आहे का, हे तरी दिसतं.

आणि धुण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. 2025 च्या जानेवारीत आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोड भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) पेशंट वाढले तेव्हा काही जणांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता. पाण्यावर संशय होता, पण हाच जंतू कच्च्या चिकनवर पण सर्रास असतो. आपल्याकडे नळाखाली धार सोडून चिकन धुतात, ते शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर, ताटांवर उडतात. पॅकचं चिकन धुवायची गरज नाही, आणि दुकानातलं धुवायचंच असेल तर पातेल्यात हलक्या हाताने धुवून सिंक साबणाने घासायचं. शिजताना आत गुलाबी राहता कामा नये, लहान मुलांच्या घरात तर नाहीच.

लेस्टरची_काकू
इथे इंग्लंडमधे आम्हाला दुसरा पर्यायच नाही, सगळं पाकिटातलंच. सगळ्यात स्वस्त फ्रोजन ब्रेस्टच्या पाकिटामागे बारीक अक्षरात वाचलं तर चिकनपुढे टक्के लिहिलेले असतात आणि लगेच पाणी, मीठ, डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर). ते मी घेत नाही. स्वस्तात स्वस्त घ्यायचं तर हाडासकट लेग-थाय घेते, ब्रेस्ट रश्श्यात चोथा होतो. पक्ष्यांच्या दाटीचा पण विचार करते मी, कायद्याने इथे चौरस मीटरला 39 किलोपर्यंत पक्षी ठेवता येतात, काही मोठ्या सुपरमार्केटनी आता 30 वर आणलंय. पायाच्या सांध्यावर तपकिरी डाग दिसला तर तो पक्षी ओल्या घाणीत बसून राहिलेला असतो. मला ते बघवत नाही, मग आठवड्यात एकदाच आणते पण जरा बऱ्यातलं आणते.

मोशीकर_वडील
सगळ्यांचे आभार, पाण्याचा आणि 450 चा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता. आता बुधवारच्या रश्श्याला एक पाकीट आणून वजन करून बघतो, रविवारी आमचा चिकनवालाच. एकच शंका, ऑफरला चार पाकिटं आणली आणि एक वितळवून अर्धंच वापरलं तर उरलेलं परत फ्रीझरला टाकता येतं का?

रस्सा_आणि_भाकरी
कच्चं परत गोठवू नका दादा. वितळताना जंतू वाढतात, गोठवून ते मरत नाहीत, आणि दुसऱ्यांदा वितळल्यावर मांसाला काही दम राहत नाही. पूर्ण पाकीट मसाला लावून शिजवून घ्या आणि उरलेलं शिजलेलंच डब्यात भरून फ्रीझरला ठेवा, ते चालतं. पाकीट ओट्यावर वितळवत ठेवू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही, फ्रीजमधेच ठेवा. आणि आईंना म्हणावं ताजं कापलेलं तासाभरात शिजवलं की थोडं चिवट लागतं, 4-6 तास फ्रीजमधे ठेवून मग करा, त्यांच्या दुकानातल्या चिकनची चव अजून वाढेल.