काळा न पडणारा बटाटा, खाल का?

चौकस_उंदीर:
अमेरिकेत म्हणे असा जीएम (जनुकं बदललेला) बटाटा निघालाय जो चिरून ठेवला तरी काळा पडत नाही. मी लगेच म्हटलं छी, असलं काही आपण नाही खाणार. बायको म्हणाली का बरं? तर मला धड उत्तरच देता येईना, कारण काळं पडू नये म्हणून चिरलेल्या फोडी पाण्यात टाकतो तेव्हा काही वाटत नाही. जाणकारांनो, यात नक्की काय घातलंय?

मातीतला_माणूस:
घातलंय म्हणण्यापेक्षा बंद केलंय म्हणा. सुरी लागली की पेशी फुटतात, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मोकळं होतं आणि हवा लागून फोड तपकिरी पडते. सिम्प्लॉट कंपनीच्या इनेट बटाट्यात (अमेरिकेत २०१४ ला मंजुरी) या एन्झाइमचा जीन (जनुक) गप्प केलाय, तोसुद्धा बटाट्याच्या आणि त्याच्या रानटी भाऊबंदांच्याच डीएनएचे तुकडे वापरून. शिवाय अ‍ॅस्पॅरजिन नावाचं अमिनो आम्ल कमी केलंय, म्हणजे तळताना अ‍ॅक्रिलामाइड हे कर्करोगाचा संशय असलेलं रसायन कमी बनतं.

डाग_दिसू_द्या:
अहो पण डाग न दिसणं हीच तर माझी तक्रार आहे! बटाटा आपटला की आत काळं होतं, आपण तेवढं कोरून टाकतो. आता मार लागलाय हेच कळणार नसेल तर सोय कोणाची, खाणाऱ्याची की विकणाऱ्याची?

मातीतला_माणूस:
@डाग_दिसू_द्या मुद्दा बरोबर. लोक बिचकतात त्याचं हे एक मोठं कारण, आपल्या ताटात काय फरक पडला ते दिसतच नाही. मोन्सँटो कंपनीचा न्यूलीफ बटाटा घ्या, १९९५ ला मंजूर झाला, कोलोरॅडो भुंगा पानं खायला आला की मरायचा, फवारणी वाचायची. पण फायदा शेतात, खाणाऱ्याला काय? फ्राइज विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकाच्या भीतीने हात वर केले आणि २००१ ला मोन्सँटोने न्यूलीफचा गाशा गुंडाळला. खाऊन कोणी आजारी पडलं म्हणून नाही. युरोपात तर बीएएसएफ कंपनीचा अ‍ॅमफ्लोरा बटाटा मुख्यतः कागद कारखान्यांच्या स्टार्चसाठी होता, तरी २०१० ला परवानगी आणि २०१२ ला माघार.
मला विचाराल तर काळं न पडणं हा किरकोळ प्रकार. खरा मुद्दा करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये याच रोगाने पीक सडलं आणि दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, आजही त्यासाठी हंगामात पुन्हा पुन्हा बुरशीनाशक मारावं लागतं. रानटी बटाट्यातला प्रतिकाराचा जीन आणून ते कमी होत असेल तर मी खाईन.

भाजीवाली_नाही:
एक गंमत, लॅबमध्ये जीन घालायला जो अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू वापरतात त्याचे जीन रताळ्यात आपोआपच घुसलेले आहेत, २०१५ ला शोध लागला. हजारो वर्षं लोक खातायत.

चौकस_उंदीर:
रताळ्याचं वाचून दाखवलं तर बायको अजून हसतेय. ठीक आहे, करप्यावाला खाईन, डाग लपवणारा नको. पण कुठला कुठला ते पाकिटावर सरळ छापा ना बाबा, अमेरिकेत २०२२ पासून लेबल सक्तीचं केलं त्यात नुसता क्यूआर कोड छापायचीही मुभा ठेवली म्हणे. दुकानात उभं राहून कोण स्कॅन करत बसणार?