लॅपटॉप दुपारी चार्ज होईना, काम करता करता धाडकन बंद – गरमीमुळं की पॉवरचा लोचा?

मागावरचा_डिझायनर:
नमस्कार मंडळी. सोलापूर, पूर्व भाग. खाली कारखाना, वर घर, आणि वरच्या खोलीत बसून मी चादरीची जेकार्ड डिझाईनं करतो, त्यामुळं लॅपटॉप सकाळी चालू झाला की रात्रीच बंद. पाचेक वर्षं जुना आहे, आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी नंतर टाकलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच त्यावरूनच भांडणं सुरू होतात.

मार्चपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं. ऊन वाढलं तसं एकदम तीन लफडी मागं लागलीत. एक म्हणजे दुपारी १२-१ नंतर चार्जर लावला तरी 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' एवढंच दाखवतो, आणि रात्री ११ ला तोच चार्जर, तोच बोर्ड, मुकाट चार्ज होतो. दुसरं, फॅन असा बोंबलतो की खालचे माग बरे म्हणायची पाळी, आणि मोठी फाईल उघडली की माऊससुद्धा अडकत अडकत चालतो. तिसरं म्हणजे मधेच धाडकन बंद. ना निळा स्क्रीन ना मेसेज, काळा ठिक्कर. बटण दाबलं की लगेच चालू पण होतो, पण तोवर सेव्ह न केलेलं काम गेलेलं असतं आणि पार्टी डोक्यावर बसलेली.

एका दुकानात दाखवला, त्यांनी न उघडताच मदरबोर्ड सांगितला, साडेआठ हजार. एवढे घालण्याआधी म्हटलं इथं विचारावं. हो, अजून एक, चार्जिंगला असताना बॉडीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, त्याचा काही संबंध आहे का?

शेंगाचटणी:
एप्रिलमध्ये सोलापुरात माणूस बंद पडायलाय, लॅपटॉपचं काय घेऊन बसलास बे. विंडोज नवीन मार, नाहीतर एक कूलिंग पॅड घे पाचशेवालं आणि विषय संपव.

स्क्रूड्रायव्हर_काका:
विंडोज मारून यातलं एकही जाणार नाही. आणि दादा, न उघडता मदरबोर्ड सांगणाऱ्याला पैसे देऊ नका, मदरबोर्ड गेलेला असता तर रात्री चार्ज झाला नसता.

तुमची तिन्ही दुखणी एकाच कारणाची आहेत असं धरून चालू नका. गरमीचा आजार वेगळा, पॉवरचा वेगळा, आणि उन्हाळ्यात दोन्ही एकदम डोकं वर काढतात म्हणून गोंधळ होतो.

चार्जिंगचं आधी. लिथियमची बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते, त्यामुळं बॅटरीतलं सर्किट स्वतःच चार्जिंग थांबवतं. लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेकांत खोलीचं तापमान ३५ पर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं बाहेर ४२, वर स्लॅब तापलेला, आत फॅन गरम हवा फिरवतोय, तर बॅटरी ४५ च्या पुढं जायला कितीसा वेळ. रात्री होतो म्हणजे तो बिघाडच नाही, उलट प्रोटेक्शन नीट काम करतंय.

स्लो होणं म्हणजे थ्रॉटलिंग. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरना १०० डिग्रीची हद्द असते, तिथं पोचायला लागला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून माऊस अडकतो. कारखाना खाली म्हटल्यावर मला तर बघायची पण गरज नाही, आत रुई भरली असणार. फॅन आणि तांब्याच्या पाइपाला जोडलेल्या जाळीच्या मधे तिचा असा घट्ट थर बसतो की गोधडीचा तुकडाच कापून ठेवलाय वाटतं. बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर निघत नाही, सुटून परत फॅनमध्ये जातो आणि दोन दिवसांत होता तिथं. फॅन काढूनच साफ करावा लागतो.

आता धाडकन बंद. गरमीनं बंद पडणारा सहसा आधी सांगून पडतो, फॅन ओरडतो, मशीन रडत रडत चालतं, मग जातो, आणि परत चालू करताना जरा वेळ घेतो. पॉवरनं जाणारा चांगला चालता चालता जातो. तुमचा लगेच चालू होतोय म्हणून मला शंका आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे नोंदवहीत, कर्नेल-पॉवर ४१ दिसेल, त्यावरून नेटवर लोक काय काय सांगतात, पण त्याचा अर्थ एवढाच की नीट शटडाऊन न होता बंद झाला. कारण त्यात नसतं.

तर असं करा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, त्यात सेन्सरचं लॉगिंग चालू करून काम करत बसा. बंद पडला की लॉगमधली शेवटची ओळ बघा, तेव्हा टेंपरेचर किती होतं ते. आणि कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस देऊन स्लॅश बॅटरीरिपोर्ट मारा, एक फाईल तयार होते, त्यातली डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी इथं टाका. चार्जरची पिन सॉकेटमध्ये हलतेय का, तिथं हाताला गरम लागतंय का तेही बघा. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध बारीक सुई असते, लॅपटॉप त्यावरून चार्जर ओळखतो, ती वाकली असली की चार्जिंग पण बंद आणि स्पीड पण कमी.

मागावरचा_डिझायनर:
काका लई उपकार. पिन टाईट आहे, सुई पण सरळ, गरम लागत नाही.

लॉग बघून मीच चक्रावलोय. मोठी फाईल चालू असताना ९७-९८ ला चिकटून बसतो पण तेव्हा एकदाही बंद पडला नाही, नुसता रेंगाळतो. आणि बंद पडला तेव्हा शेवटच्या ओळीत ६८ होतं, म्हणजे मी ईमेल बघत होतो फक्त!! बॅटरीचं डिझाईन ४१,००० आहे आणि फुल चार्ज १२,४०० दाखवतोय. टास्कबारवर मात्र ऐटीत १०० टक्के लिहिलेलं असतं.

इन्व्हर्टरवाली_ताई:
६८ ला बंद म्हणजे गरमी नाहीच, काका बरोबर बोलले. मला दोन गोष्टी सांगा. लॅपटॉपचा बोर्ड इन्व्हर्टरवर आहे का, आणि बंद पडतो त्याच वेळी ट्यूब लुकलुकते का?

मागावरचा_डिझायनर:
हो ताई, इन्व्हर्टरवरच आहे. आणि आता तुम्ही विचारलं म्हणून आठवलं, खाली वार्पिंगची (ताणा गुंडाळायची) मशीन सुरू करतात तेव्हा ट्यूब डुचकी मारते. दोन्ही एकाच वेळी होतं का ते बघितलं नव्हतं, पण दुपारची पाळी सुरू झाल्यावरच बंद पडतो हे नक्की.

इन्व्हर्टरवाली_ताई:
मग सापडलं. मोटर सुरू होताना खूप करंट ओढते, क्षणभर व्होल्टेज पडतं, इन्व्हर्टर म्हणतो लाईट गेली आणि बॅटरीवर उडी मारतो, परत लाईटवर येतो. या उडीला जो वेळ लागतो तेवढा वेळ चार्जरला काहीच मिळत नाही. चांगली बॅटरी असली तर लॅपटॉपला कळत पण नाही, तो बॅटरीवर सरकतो. तुमच्या बॅटरीत तीस टक्के जीव राहिलाय आणि दुपारी ती तापलेली, तिच्यावर एकदम सगळा भार पडला की ती मान टाकते. १०० टक्के लिहिलेलं असतं ते उरलेल्या १२,४०० चे १००.

इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं एक स्विच असतो, नॉर्मल आणि यूपीएस असा, काहींवर नॉर्मलला इको लिहितात. नॉर्मलमध्ये तो लाईटचं व्होल्टेज बरंच वरखाली झालं तरी सहन करतो पण उडी सावकाश मारतो, पंखे-दिव्यांना काय फरक पडत नाही. यूपीएसमध्ये उडी पटकन. पण डोळे झाकून फिरवू नका. यूपीएस मोडवर १८० च्या आसपास व्होल्टेज खाली गेलं की तो लगेच बॅटरीवर जातो, आणि तुमच्याकडं भर दुपारी व्होल्टेज तेवढंच राहत असेल तर दिवसभर इन्व्हर्टरची बॅटरी पिळत बसेल. आधी मीटर लावून बघा. लॅपटॉपच्या चार्जरला कमी व्होल्टेजचं काही वाटत नाही, वाचून बघा त्यावर १०० ते २४० लिहिलेलं असेल.

मुंग्यांचं म्हणाल तर तो अर्थिंगचा विषय. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट बॉडीवर येतो, तीन पिनचं अर्थिंग नीट असलं की तो खाली निघून जातो. तुम्ही दोन पिनचा कन्व्हर्टर लावला असेल किंवा बोर्डात अर्थ जोडलेलाच नसेल. एवढ्यानं लॅपटॉप बंद पडत नाही, पण खाली मोटरी चालतात त्या घरात अर्थिंग नसणं मला लॅपटॉपपेक्षा जास्त काळजीचं वाटतं, वायरमनला बोलवाच.

जुळे_सोलापूरकर:
कूलिंग पॅडबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. पॅड खोलीतलीच हवा मारतो, खोलीत ४० असेल तर ४० ची हवा मारणार. त्यापेक्षा घरातला साधा पाण्याचा कूलर बरा, आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून तो खरंच गार करतो, फक्त लॅपटॉप थेट झोतात ठेवू नका, तुषार उडतात. आणि कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करून बघा, टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. माझ्याकडं दहा-बारा डिग्री उतरलं, वेगात फारसा फरक जाणवला नाही. काही नवीन मशीनवर ते ऑप्शनच दिसत नाही पण तुमचा जुना आहे, असेल.

शेंगाचटणी:
म्हणजे माझं पाचशे वाया 😭 आणि काय हो, हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना बॅगेतून काढला तर माझा इस्त्रीसारखा तापलेला असतो, झाकण बंद असून पण. तो कशानं?

स्क्रूड्रायव्हर_काका:
झाकण लावलं म्हणजे बंद झाला असं नाही, तो स्लीपमध्ये जातो, आणि नवे लॅपटॉप स्लीपमध्ये पण नेट चालू ठेवून अपडेट-बिपडेट घेत बसतात. बॅगेत हवा नाही, मग भट्टी. बॅगेत घालायचा तर शटडाऊन नाहीतर हायबरनेट.

मागावरचा_डिझायनर:
अपडेट देतो. ताईंनी सांगितल्याप्रमाणं मीटर लावला, दुपारी १९५ ते २०५ मिळतंय, म्हणून यूपीएस मोडवर टाकला. तेव्हापासून वार्पिंग सुरू झाली, ट्यूब डुचकली, लॅपटॉप जागचा हलला नाही!! बोर्डात अर्थची वायर नुसती लोंबकळत होती, ती जोडून घेतली, मुंग्या गेल्या.

लॅपटॉप पण उघडला, मोबाईल रिपेअरिंग करणारा मित्र बरोबर बसला होता. काका, गोधडी अक्षरशः होती, बोटभर लांब पट्टी चिमट्यानं अख्खी निघाली, पांढरी-लाल-हिरवी, म्हणजे आमच्याच चादरीचे रंग 😄 प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी झाली होती, आयपीएनं (साफ करायचं अल्कोहोल) पुसून नवीन लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. आता त्याच फाईलला ८१-८२, आणि ९९ केल्यावर ७३. माऊस अडकत नाही. दुपारी चार्जिंग अजून कधी कधी थांबतं पण आता कारण माहीत आहे.

एक विचारायचं होतं. उघडल्यावर बॅटरी मधोमध जराशी फुगल्यासारखी दिसली. टचपॅडचा एक कोपरा पण थोडे दिवस झाले नीट क्लिक होत नव्हता. नवीन मागवलीय, तोवर हीच वापरू का?

स्क्रूड्रायव्हर_काका:
अजिबात नको. आजच्या आज चार्जर काढा, शटडाऊन करा, आणि बॅटरीचा कनेक्टर मदरबोर्डावरून सोडवा. टचपॅड खालून बॅटरीच ढकलत होती. बहुतेक लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात, काही जरा स्लो होतात, आणि आता इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे तर काम अडणार नाही, फक्त सेव्ह करत राहा.

फुगलेली बॅटरी दाबून सपाट करायची नाही, टोचायची तर नाहीच, आत गॅस असतो, त्यात आतले पत्रे एकमेकांना लागले की पेट घेते. चिकटवलेली असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लास्टिकची पट्टी किंवा दोरा फिरवा. काढल्यावर कोरड्या वाळूच्या डब्यात घालून घराबाहेर, कारखान्यात सुतापाशी तर मुळीच नको. घंटागाडीत पण टाकू नका, ज्याच्याकडून नवीन घेताय त्यालाच जुनी घ्यायला लावा.

नवीन आली की जुन्या लेबलवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवूनच बसवा, आणि बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग असेल तर ते चालू करा. दिवसभर चार्जरला लावून १०० टक्के भरलेली आणि वर असली गरमी, यानंच पहिली गेली. रुईचं म्हणाल तर दर दिवाळीला आणि होळीला फॅन उघडायचा, तुमच्या घरात वर्षातून एकदानं भागणार नाही.