विषय: कोन्स्टान्झची हिरवी चिठ्ठी कुणाकडे आहे?

खजिनदार, रविवार रात्री 10:40

नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या फराळासाठी शनिवारी स्वित्झर्लंडहून सीमेपलीकडे जर्मनीत, कोन्स्टान्झला, केलेल्या खरेदीच्या दोनपैकी एकाच हिरव्या चिठ्ठीचा (सीमेवर कस्टमचा शिक्का घेतला की जर्मन कर परत मिळतो, ती) फोटो आलाय, आणि त्यावर निम्मा अंगठा आहे. किराणा 187 युरो 25, त्यात 7 टक्के कर, म्हणजे 12 युरो 25. मेणबत्त्या-नॅपकिन 59 युरो 50, त्यात 19 टक्क्यांनी 9 युरो 50. एकूण 21 युरो 75 मंडळाला परत यायला हवेत. दुसरी चिठ्ठी कुठाय? आणि अप्पांनी 16 फ्रँकची पावती टाकलीय, ती कशाची?

अप्पा, रविवार रात्री 11:25

समोशांच्या वेळी झालं तसं याही वेळी सगळं माझ्यावर येणार हे दिसतंच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.
16 फ्रँक लोण्याचे. लोणी माणशी दिवसाला एक किलो इकडे बिनजकात आणता येतं, वर गेलं की किलोला 16 फ्रँक जकात. आम्ही पाच जण, म्हणून पाच किलो घेतलं, पाव किलोची वीस पाकिटं. वहिनी दोनच्या गाडीने पुढे गेल्या. उरलो चार. लोणी पाचच.
मेणबत्त्यांची चिठ्ठी माझ्या नावाची, स्विस रहिवासी परमिटचा नंबर माझा, आणि मेणबत्त्या वहिनींच्या पिशवीत. कस्टमच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, माल कुठाय? मी काय दाखवणार, तळहात? ज्याच्या नावाची चिठ्ठी त्यानेच माल सीमेपार न्यायचा असतो. शिक्का नाही मिळाला. ते 9 युरो 50 विसरा.

वहिनी, सोमवार सकाळी 7:05

नाव आलं म्हणून लिहिते. दोनची गाडी मी गुरुवारीच कळवली होती, मुलाची मॅच होती. मेणबत्त्या मी मागून घेतल्या नाहीत. फलाटावर अप्पा म्हणाले, "वहिनी, एवढं हलकं तुम्ही न्या." दोनशे मेणबत्त्या हलक्या! वाटेतल्या वाइनफेल्डन स्टेशनापर्यंत पिशवीचा एक बंद तुटला होता. लोणी द्यायचंत ना बरोबर, माझा किलो हक्काचा होता.

बाझलचे काका, सोमवार सकाळी 9:30

तुम्ही लोक अजून कोन्स्टान्झला का जाता हेच मला कळत नाही. आमची 8 नंबरची ट्राम डिसेंबर 2014 पासून थेट सीमेपलीकडे जर्मनीतल्या वाइल आम राइनला जाते. उतरलं की समोर दुकान. ट्राम सुरू होऊन महिना होतोय तोच, 15 जानेवारी 2015 ला, स्विस नॅशनल बँकेने युरोला किमान 1.20 फ्रँकचा बांध काढला आणि फ्रँक युरोच्या बरोबरीला आला, म्हणजे जर्मनीतली खरेदी स्वस्त. गुरुवार होता. शनिवारी मी आणि सौ. गेलो, तर ट्राममध्ये उभं राहायला जागा नाही. एका गृहस्थाच्या मांडीवर टॉयलेट पेपरचे चार गठ्ठे होते, त्यांच्या वरून फक्त चष्मा दिसत होता. आम्ही सहा शांपू आणले. दोन अजून आहेत.

नवीन सभासद (विंटरथूर), सोमवार दुपारी 12:10

काका, छान आठवण! एक विचारायचं होतं. आई-बाबा पुण्याहून आलेत, त्यांना वाइलला नेलं तर त्यांनाही हिरवी चिठ्ठी मिळते का? मागच्या आठवड्यात माझ्या 43 युरोच्या बिलावर दुकानात नाही म्हणाले.

बाझलचे काका, सोमवार दुपारी 12:50

2020 पासून बिल 50 युरोच्या वर लागतं. 43 वर कुणालाच मिळणार नाही. आई-बाबा युरोपियन युनियनबाहेर राहतात, त्यांना चालतं, पासपोर्ट बरोबर ठेवा. बाबांना घासाघीस करू देऊ नका. माझ्या सासऱ्यांनी लेबल लावलेल्या सुटकेसचा भाव पाडायला वीस मिनिटं घेतली होती. पडला नाही, पण मॅनेजरने कॉफी दिली.

ताई (झुग), सोमवार संध्याकाळी 6:20

मूळ मुद्द्यावर येऊ या का? माणशी एक किलो लोणी, माणशी 150 फ्रँकपर्यंत व्हॅटमाफी (2024 अखेरपर्यंत 300 होते), या सवलती स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट देण्यासाठी आणलेल्या मालाला आहेत. आपण दिवाळीच्या कार्यक्रमाला तिकीट लावतो. मंडळाचं लोणी हे अप्पांचं घरगुती लोणी नव्हे. पाच जण असते तरी प्रश्न उरलाच असता. पुढच्या वेळी माल मंडळाचा म्हणून रीतसर दाखवा. खाण्याच्या जिनसांवर इथला व्हॅट 2.6 टक्के आहे, म्हणजे शनिवारच्या किराण्यावर व्हॅट चार-साडेचार फ्रँक, लोण्याची जकात वेगळी. पण जिवाला घोर तरी नाही.

अप्पा, सोमवार संध्याकाळी 6:45

पुढच्या वेळी ताईंनीच जावं. पिशव्या मी देतो.

खजिनदार, सोमवार रात्री 9:10

ताईंचा मुद्दा कार्यकारिणीपुढे ठेवतो. तूर्त हिशेब असा: अप्पांना 16 फ्रँक द्यायचे, अप्पांकडून 12 युरो 25 यायचे. ते आल्याशिवाय 16 देता येणार नाहीत, व्हाउचर अर्धवट राहतं.

अप्पा, सोमवार रात्री 9:20

पैसे दुकान देणार, मी नाही! शिक्क्याची चिठ्ठी घेऊन परत त्याच दुकानात जायचं, तेव्हा मिळतात. झ्युरिकहून जाऊन-येऊन तिकीट हाफटॅक्सवरही (निम्म्या भाड्याच्या कार्डावरही) त्याहून जास्त. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. चिठ्ठी फ्रिजवर लावलीय, ज्याला हवी त्याने न्यावी.

माई (फराळ समिती), मंगळवार सकाळी 8:00

लोणी किती आणायचं हे समितीने ठरवलं होतं, पाच किलोच लागतं. माणसं किती न्यायची हे समितीचं काम नाही. तेल मात्र दहाच लिटर आणलंत, चार जणांना वीस आणता आलं असतं. चकलीला पुरणार नाही, उरलेलं इथून घ्यावं लागेल, त्याचं बिल मी लावणार आहे.

वहिनी, मंगळवार सकाळी 8:30

माई, मी पुढच्या गुरुवारी केस कापायला कोन्स्टान्झला जातेच आहे. तेल पाच लिटर आणते. अप्पा, चिठ्ठी माझ्या पेटीत टाका, पैसे आणते. मेणबत्त्या कुणीतरी घरून घेऊन जा, कोठीची खोली भरलीय.

माई (फराळ समिती), मंगळवार रात्री 10:15

तेल सूर्यफुलाचं आण, रेपसीडचं नको, गेल्या वर्षी चकलीला वास आला होता.
लोणी आज कढवलं. पाच किलोचं चार किलोला थोडं कमी तूप निघालं, रवाळ झालंय. बेरी शेजारच्या जर्मन आजींना दिली, त्यांनी ती पावावर लावून खाल्ली. झाकणाच्या मोठ्या बरण्या तीन हव्यात. गणपतीत माझ्या दोन गेल्या त्या अजून परत आलेल्या नाहीत, कुणाकडे आहेत ते त्यांना माहीत आहे.