धयकाल्याची रात्र: तुमच्या गावची सांगा

भात घरात आलं, कार्तिक सरत आला, की आमच्या वेंगुर्ले तालुक्यात एकच हिशोब चालतो: कुठली जत्रा कधी आणि नाटक कोणाचं. देवीची ओटी भरून होते, पालखी देवळाभोवती फिरते आणि मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार उभा राहतो. पत्रिकेवर दशावतार, आमच्या तोंडात धयकालो. पहाटे दहीहंडी फुटली की जत्रा संपली.

नाटक कसं झालं ते बाजूला ठेवा. त्या रात्री तुम्ही कुठे होतात ते लिहा. एकच अट. 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' हे वाक्य नको. ते जत्रेतला खाऊ, खाजं, घेताना दर वर्षी फुकट ऐकायला मिळतं.

माझ्यापासून सुरुवात. आठ-नऊ वर्षांचा असेन. नाटकापेक्षा मला रंगपटाचं वेड. देवळामागच्या पडवीत प्रत्येक जण आपापली ट्रंक पुढ्यात घेऊन बसलेला, झाकणाला टेकवलेला हातभर आरसा, आणि स्वतःचा रंग स्वतःच लावायचा. लिखित संहिता नसते. आज कुठलं आख्यान आणि कोण काय, हे संध्याकाळी ठरतं. गालाला गुलाबी रंग चोळत एक राजा शेजारच्याला विचारत होता, "आज मी तुजो बापूस, काय सासरो?" उत्तर ऐकून त्याने शांतपणे मिशी बदलली.

मालवणजवळून, रापणकरांच्या घरातला

माझा मामा स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका, करायचा. दिवसा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. रापणीची दोरी ओढून तळव्यांना घट्टे पडलेले, आणि रात्री त्याच हातात हिरवा चुडा. द्रौपदी विनवणी करायला लागली की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. माझी मामी सोडून. ती म्हणायची, "घराक असा मऊ बोललो असतो तर!"

एकदा नाटक संपल्यावर तो तसाच किनाऱ्यावर आला, रापण ओढायची वेळ झाली होती. तोंड धुतलं होतं, पण काजळ काही सुटलं नव्हतं. डोळ्यांत काजळ, गुडघ्याच्या वर लुंगी. कोणी हसलं नाही. आमच्याकडे म्हण आहेच, रात्री राजा, सकाळी कपाळावर बोजा. मामाच्या बाबतीत राणी म्हणायचं, एवढाच फरक. त्या दिवशी तारली चांगली मिळाली, वाटाही सगळ्यांसारखाच.

पखवाज वाजवणारा, तालुका सांगत नाही

राजा आणि राक्षस सगळ्यांना दिसतात. डाव्या बाजूला बसलेले आम्ही तिघे कोणाला आठवत नाही, पायपेटी, पखवाज आणि झांज. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

समुद्राजवळच्या गावात रात्री दोननंतर दव पडतं आणि पखवाजाचं तोंड उतरतं. पेटी आपल्या पट्टीत ठाम, आपण खाली खाली. मग गद्य चालू असताना हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून चढवायचं, तेही संवादाच्या आड येणार नाही असं. डाव्या तोंडाला लावलेली कणीक सुकत आली की ओला हात फिरवायचा. आणि हे करताना कान नटाकडे. पाठ केलेले शब्द नसल्यामुळे तो पदावर कधी येईल ते त्याच्या श्वासावरून ओळखायचं. आमचे एक जुने राजापार्टी पदाआधी डाव्या हाताने शेला मागे टाकायचे. तो शेला हलला की पेटीवाल्याचं बोट सुरावर. नवीन मुलगा एकदा पेटीवर होता. राजांनी घाम पुसायला शेला उचलला, याने सूर धरला! राजांनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि मध्येच, नसलेलं पद गायलं. चार ओळींचं. लोकांनी वन्समोअर दिला.

गुहागरकडची, सध्या डोंबिवली

आमच्याकडे धयकाला नाही, तरी आत येते. आमचा शिमगा. पालखी घरी येते त्या दिवसासाठी चाकरमानी नोकरीवर पाणी सोडतील. पालखीबरोबरच्या नमन-खेळे या लोकनाट्यातला संकासुर म्हणजे काळा वेश, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरं. घुंगरं लांबून वाजली की आम्ही भावंडं कणगीमागे. माझा मुंबईत वाढलेला मुलगा पाच वर्षांचा असताना पहिल्यांदा आला. मला वाटलं, रडणार. तो संकासुरापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "अंकल, गरम होत नाही का?" आतून उत्तर आलं, "होता रे बाबा, पाणी आण." पाणी दिलं. त्यानंतर माझीही भीती गेली, त्याचं थोडं वाईटच वाटतं.

(धागाकर्ता: आमच्याकडेही आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासुर असतो, वेद चोरतो आणि विष्णूकडून मार खातो. पण हल्ली हा भाग दहा मिनिटांत उरकतात. हे 'पूर्वीसारखं नाही' मध्ये धरू नये.)

शिवोली, बार्देश

गोव्यातलं चालेल ना? आमचा जागर, रात्रभराचा लोकनाट्याचा उत्सव, नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी. हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरं त्यात. जागऱ्या या देवाला कोणी तेल आणतं, कोणी मेणबत्ती. बाहेरचे लोक याचं फार कौतुक करतात, भाषणं देतात. आमच्या घरात त्या रात्रीचा मुख्य विषय असतो की पाहुण्यांना झोपायला चटया पुरतील का.

शिरोड्याची माहेरवाशीण

संध्याकाळी पाचलाच गोणपाट घालून जागा धरायची, चार कोपऱ्यांवर चार चपला. तो आमचा सातबारा. एका वर्षी ऐन युद्धात वीज गेली. स्पीकरवाल्याने हात वर केले. कुठूनतरी दोन पेट्रोमॅक्स आले आणि नट विनामाईकचे बोलायला लागले. मागच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू येईना, म्हणून पुढचे लोक संवाद मागे पोचवायला लागले, "भीम म्हणता, सोडूचंय नाय!" आजोबांपर्यंत भीम थोडा उशिरा रागवायचा. रंगमंचावर राक्षस मेला तरी मागे अजून धमक्या चालू होत्या. दिवे आले तेव्हा खरं सांगते, लोकांनी 'अरेरे' केलं.

कुडाळजवळून, राक्षसपार्टीची मुलगी

बाबा जत्रांच्या हंगामात दिवसा झोपलेले असायचे, आम्ही घरात कुजबुजत बोलायचो. शाळेत कोणी विचारलं की मी सांगायचे, काल बाबा मेले, परवा पण मेले. बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं.

ट्रंकेचा वास अजून नाकात आहे, डांबरगोळ्या, घाम, स्पिरिटगम. दिवाळीच्या आधी, पाऊस संपून कडक ऊन पडलं की ती ट्रंक अंगणात उघडायची. मुकुटाच्या सुटलेल्या टिकल्या आम्ही बहिणी फेविकॉलने चिकटवायचो, गदा पुसायचो (आत कापूस, वर सोनेरी कागद), आणि जरीचा अंगरखा दांडीवर. एका वर्षी त्याच दांडीखाली खाटेवर काकीने बांगडे सुकत घातले. आई स्वयंपाकघरातून ओरडत आली, "गो, वास लागतलो त्या शेल्याक!" बाबा पडवीतून म्हणाले, "लागू दे. राक्षस आसा मी, चंदनाचो वास कित्याक?"