शब्दचर्चा: 'ऑस्टेरिटी'ला काटकसर म्हणावे का?

निळी शाई
डाव्या पक्षांना सरकारात गेल्यावर काय जमले आणि काय जमले नाही, यावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. ग्रीसच्या परिच्छेदात अडले. जानेवारी २०१५मध्ये तिथे सिरिझा हा डावा पक्ष निवडून आला. ५ जुलैला त्याने सार्वमत घेतले आणि ६१ टक्क्यांहून जास्त मतदारांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटी नाकारल्या. मूळ लेखात शब्द आहे 'ऑस्टेरिटी', म्हणजे तूट भरून काढायला सरकारने खर्च कमी करण्याचे धोरण. मी लिहिले, 'काटकसरीच्या धोरणाविरुद्ध जनतेने कौल दिला.' मसुदा परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिले होते, 'काटकसर वाईट कधीपासून झाली? मग लोकांना उधळपट्टी हवी होती का?' खाली दोन जाड रेघा.

दोन दिवस त्या रेघांकडे बघते आहे. आक्षेप खरा आहे. मराठीत काटकसर हा गुण आहे, आईवडिलांनी शिकवलेला. ज्यांचे निवृत्तिवेतन एकदा नाही, अनेकदा कापले गेले, त्यांनी 'काटकसरीला विरोध केला' असे छापले तर वाचणारा त्यांनाच दोष देईल. पर्याय सुचवा. पुढच्याच वाक्यात दुसरी गाठ आहे: ते सरकार 'इन ऑफिस' होते, 'इन पॉवर' नव्हते. आपल्याकडे दोन्हीला सत्ताच म्हणतात. पण आधी पहिली गाठ सोडवू.

मुद्रितशोधक
खर्चकपात. बातमीत 'खर्चाला कात्री' चालते, लेखात खर्चकपात. यात निंदा नाही, स्तुती नाही. काटकसर बदला, तुमचे समासवाले बरोबर आहेत.

समासचिन्ह
खर्चकपात हा धेडगुजरी समास आहे. खर्च फारसीतून आला. 'व्ययसंकोच' घ्या, नाहीतर 'मितव्यय'. दोन्ही निर्दोष आहेत, संस्कृत आहेत आणि अर्थ नेमका पोहोचवतात.

संघटक
कोणापर्यंत पोहोचवतात? मी वीस वर्षे पत्रके लिहितो आहे. एकदा सफाई कामगारांसाठी लिहिले, 'काटकसरीच्या धोरणाचा निषेध'. तेव्हा एका संस्थेने त्यांचे आठ तासांचे काम पाच तासांवर आणले होते, पगारही त्याच हिशेबाने. फाटकाशी एका बाईंनी पत्रक घेतले, उभ्या उभ्या पूर्ण वाचले, चार घड्या घातल्या आणि मला परत दिले. म्हणाल्या, 'दादा, काटकसर आम्ही जन्मभर करतो. तिचा निषेध कशाला करायचा? आमचे तास कापलेत, तेवढं लिहा की.' त्या दिवसापासून मी काटकसर लिहीत नाही, व्ययसंकोच तर नाहीच. 'कापले' हे क्रियापद घ्या, कारण त्याला कर्ता लागतो. कोणी कापले, कोणाचे कापले, हे वाक्यातच विचारावे लागते. काटकसरीला कर्ता लागत नाही, ती आपोआप चांगली असते.

निळी शाई ताई, तुमच्या वाक्यात काटकसर करणारा कोण आणि सोसणारा कोण, एवढे बघा. मराठीत पोटाला चिमटा काढतात तो स्वतःच्या पोटाला. दुसऱ्याच्या पोटाला काढला तर ती काटकसर राहत नाही.

मुद्रितशोधक
समासचिन्ह, शुद्धतेचा मुद्दा काढलाच आहे म्हणून सांगतो. ज्या काटकसरीवर एवढी चर्चा चालली आहे तिच्यातली 'कसर' अरबी आहे, मूळ अर्थ तुटणे, अपूर्णांक. 'काट' आपला, कापणे या अर्थाचा. म्हणजे काटकसरही धेडगुजरीच. ती तुम्ही घरात वापरत नाही का?

पायवाट
कसर म्हणजे कपड्यांना, पुस्तकांना लागते ती कीडसुद्धा ना? आजीच्या ट्रंकेतली लोकरी शाल उघडली तेव्हा घडीच्या प्रत्येक थरात एकाच जागी भोक होते. बाहेरून शाल अखंड दिसत होती. मला कायम वाटत आले आहे की काटकसरीतली कसर हीच, थोडे थोडे कुरतडणारी.

मुद्रितशोधक
नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत, रूप तेवढे एक. पण शालीचा दाखला या धोरणाला चपखल बसतो, हे मान्य.

ताळेबंद
थोडा अर्थशास्त्राकडून विचार करू, कारण वाद निव्वळ शब्दाचा नाही. एक घर खर्च कमी करते तेव्हा त्याचे उत्पन्न तेवढेच राहते, म्हणून बचत होते. सरकारने खर्च कमी केला की तो खर्च ज्यांचे उत्पन्न होता त्यांचे उत्पन्न घटते, ते कमी खरेदी करतात, कर कमी येतो आणि तूट पुन्हा तोंड वर काढते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ साली नेमके हेच मांडले. ग्रीसची अर्थव्यवस्था कपातीच्या वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने आकसली, २०१३मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली. आता 'काटकसर' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर घर येते, हिशेबाची वही येते, आणि सरकार म्हणजे मोठे घर हा समज वाद सुरू होण्याआधीच जिंकतो. म्हणून शब्द बदलायला हवा.

मात्र संघटक काटकसर हा शब्दच टाकून देतात, त्याच्याशी मी सहमत नाही. तो नेहमी डाव्यांच्या विरोधकांचाच शब्द होता असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते. त्या काळालाही ऑस्टेरिटीच म्हणतात. युद्धातसुद्धा पावावर रेशन नव्हते, ते १९४६ ते १९४८ या काळात आले. अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांचे नाव या शब्दाशी कायमचे जोडले गेले. आणि त्याच सरकारने ५ जुलै १९४८ला सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. तिथे काटकसर हा शब्द शोभतो, कारण टंचाई वाटून घेतली जात होती. १९७७मध्ये इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते बर्लिंग्वेर यांनी तर ऑस्टेरिटी हीच समाज बदलण्याची संधी आहे असे जाहीरपणे मांडले आणि त्यावर त्यांच्याच बाजूचे लोक संतापले. तेव्हा एकाच मूळ शब्दाला दोन मराठी शब्द लागतील: वाटून घेतलेली ती काटकसर, लादलेली ती कपात.

संघटक
बर्लिंग्वेर यांचे ऐकून कामगारांनी पगारवाढीची मागणी आवरती घेतली, त्याचे पुढे काय झाले? वाटून घेऊ म्हणणारे वाटणीच्या वेळी कुठे असतात, हे मी पाहिले आहे. पण दोन शब्दांची कल्पना पटली.

समासचिन्ह
ग्रीक लोक स्वतः काय म्हणतात हे कोणी पाहिले का? ऑस्टेरिटी हा शब्दच मुळात ग्रीक आहे. 'ऑस्टेरोस' म्हणजे जीभ कोरडी पाडणारा, न पिकलेल्या फळासारखा, कडक द्राक्षमद्यासारखा. आपल्याकडे त्याला अचूक शब्द आहे: तुरट. तिथून अर्थ कठोर, विरक्त असा सरकत गेला. पण आजच्या ग्रीकमध्ये या धोरणाला 'लितोतिता' म्हणतात, त्याचा अर्थ साधेपणा. म्हणजे तिथेही सद्गुणाचाच शब्द वापरला गेला. जर्मन लोक 'श्पारपोलिटिक' म्हणतात, बचतीचे धोरण. तेव्हा काटकसर घेतली तर आपण एकटे चुकत नाही. अनुवादकाने मूळ भाषेतला सद्गुणाचा वास पुसून टाकला तर तो अनुवाद राहत नाही, ती टीका होते. टीका करायची असेल तर तळटीप द्यावी.

निळी शाई
हे महत्त्वाचे आहे आणि मला माहीत नव्हते. पण मूळ लेखिका त्या धोरणाच्या विरोधात आहे. तिच्या वाचकांना ऑस्टेरिटी ऐकताच राग येतो, कारण गेल्या पंधरा वर्षांत त्या शब्दाचा गुण गळून पडला आहे. मराठीत काटकसरीचा गुण गळलेला नाही. शब्दाला शब्द दिला तर भावना उलटी होते.

मुद्रितशोधक
आणखी एक, बातमीदाराच्या नजरेने. त्या मतपत्रिकेवर ऑस्टेरिटी किंवा लितोतिता असा शब्द नव्हता. कर्ज देणाऱ्यांचा २५ जूनचा प्रस्ताव स्वीकारायचा की नाही, एवढेच विचारले होते, आणि 'नाही' हा पर्याय 'हो'च्या वर छापला होता. तेव्हा 'प्रस्ताव फेटाळला' असे सरळ लिहिता येईल. गाठ सोडवण्यापेक्षा टाळावी, कधी कधी.

संघटक
टाळू नका. लोकांनी कागदाला नाही, सोसण्याला नाही म्हटले होते. बँका २९ जूनपासून बंद, पैसे काढायच्या यंत्रातून दिवसाला ६० युरो मिळत होते, आणि तशा रांगांत उभे राहून त्यांनी 'नाही' म्हटले. आठ दिवसांनी, १३ जुलैला, त्याच सरकारने जवळपास तशाच अटी मान्य केल्या. इथे ताईंची दुसरी गाठ येते. ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते.

सत्ता हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. निवडून आले की 'सत्तेत आले', मंत्रिमंडळ पडले की 'सत्ता गेली'. पण बँका उघडायच्या की नाहीत हे ज्याच्या हाती, सत्ता त्याची. निवडून आलेल्यांच्या हाती आला तो कारभार. तुमचे वाक्य असे करा: 'कारभार हाती आला, सत्ता आली नाही.'

पायवाट
वा! 'सत्तेपुढे शहाणपण चालत नाही' ही म्हण यातच बसते. तिथे सत्ता म्हणजे सरकार नव्हेच.

समासचिन्ह
वाक्य चांगले आहे. संस्कृतात सत्ता म्हणजे मुळात असणे, अस्तित्व, 'सत्'वरून. बळ हा अर्थ नंतरचा. म्हणून सत्ता 'हाती येते' हेच मला खटकते. जी गोष्ट असण्याची आहे ती हाती कशी येईल? आणि कारभार म्हणजे कार्यभार, अंगावर पडलेले काम. निवडून आलेल्या सरकारला हा शब्द न्याय देतो.

मुद्रितशोधक
कारभार फारसी 'कारोबार'वरून.

समासचिन्ह
कार्यभारावरून. यावर आपण आधीही भांडलो आहोत.

मुद्रितशोधक
भांडलो आहोत आणि तुम्ही पुरावा अजून दिलेला नाही.

ताळेबंद
व्युत्पत्ती बाजूला ठेवून उपयोग पाहू. फ्रान्सचे समाजवादी नेते लेओं ब्लुम यांनी १९३६मध्ये पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी एक भेद केला होता: सत्ता जिंकणे वेगळे आणि भांडवली व्यवस्थेच्या चौकटीत राहून सत्ता चालवणे वेगळे. दोन्हीकडे नाम एकच, फरक क्रियापदात. मराठीत 'सत्ता काबीज करणे' आणि 'सत्ता राबवणे' असे सहज होते. चिलीत मात्र फरक नामातच होता. समाजवादी नेते आयेंदे १९७०मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आले, १९७१मध्ये तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण संसदेने एकमताने मंजूर केले, आणि तरी तिथल्या डाव्यांत रोजचा वाद हाच होता की आपल्याकडे सरकार आहे, सत्ता नाही. ११ सप्टेंबर १९७३ला लष्कराने विमानांतून अध्यक्षांच्या प्रासादावर बाँब टाकले. तिथे 'कारभार' लिहिले तर फार मवाळ होईल. 'सरकार आपले, सत्ता त्यांची' असेच लिहावे लागेल.

पायवाट
अवांतर आहे, पण विचारते. लेखात नागरी स्वातंत्र्याचा भाग असेल ना? सत्ता खरोखर हाती आली तिथे डाव्यांनी विरोधकांची तोंडे बंद केली, तेही यायला हवे.

निळी शाई
आहे, आणि तिथेही अडले आहे. जर्मनीतल्या डाव्या नेत्या रोझा लुक्झेंबुर्ग यांनी १९१८मध्ये तुरुंगातून रशियन क्रांतीची बाजू घेतली आणि त्याच लिखाणात बजावले की स्वातंत्र्य म्हणजे वेगळा विचार करणाऱ्याचे स्वातंत्र्य. त्यापुढे लेखिका 'सिव्हिल लिबर्टीज' असे अनेकवचन वापरते. 'नागरी स्वातंत्र्ये' कानाला बोचते. नागरी हक्क लिहू की नागरी अधिकार?

संघटक
हक्क. अधिकार नको. अधिकार अधिकाऱ्याचा असतो. लाठी चालवण्याचा आदेश देणाऱ्याकडे अधिकार आणि लाठी खाणाऱ्याकडेही अधिकार, मग भांडण कशाचे तेच कळत नाही.

समासचिन्ह
मानवाधिकार रूढ आहे, माहितीचा अधिकार कायद्याच्या नावात आहे.

मुद्रितशोधक
आणि राज्यघटनेच्या मराठी पाठात मूलभूत हक्क आहेत. टिळकांनीही जन्मसिद्ध हक्कच म्हटले. मात्र लिबर्टी म्हणजे हक्क नव्हे, हेही खरे. हक्क मागता येतो. लिबर्टी म्हणजे सरकारने आपला हात मागे घेणे. जुना शब्द 'मोकळीक' आहे. 'नागरी मोकळीक' म्हणून बघा.

संघटक
मोकळीक कोणीतरी देतो. वरच्याने खालच्याला दिलेली. जी देता येते ती काढूनही घेता येते. आमच्या बाजूच्या लोकांनी नेमकी हीच चूक केली: आधी भाकरी, स्वातंत्र्य नंतर देऊ. मी स्वतः बैठकीत असे बोललो आहे, तरुण असताना, आणि समोरचा मित्र उठून गेला तो परत आला नाही. म्हणून सांगतो, मोकळीक लिहू नका. अनेकवचन बोचले तरी चालेल, 'स्वातंत्र्ये' लिहा.

ताळेबंद
ताई, मूळ प्रश्नाचे काय ठरले? कपात की काटकसर?

निळी शाई
अजून ठरले नाही. सध्या 'लादलेली कपात' लिहिले आहे आणि पुढे 'कारभार हाती आला, सत्ता आली नाही'. ब्रिटनच्या परिच्छेदात काटकसर ठेवली. समासचिन्ह म्हणतात तसा मूळचा वास जातो आहे, तो टोचतो. मसुदा उद्या पाठवायचा आहे.

पायवाट
पाठवण्याआधी 'कौल' पण बघा. तुमच्या पहिल्या वाक्यात 'जनतेने कौल दिला' आहे. कौल देवाला लावतात, आणि जे उत्तर येईल ते मान्य करायचे असे ठरवूनच लावतात. जुन्या कागदांत कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेले अभयाचे वचन. इथे लोकांनी उत्तर दिले आणि सरकारने आठ दिवसांत दुसरेच केले. मग तो कौल होता की नुसते मत?