मदत हवी आहे: अकिलीसच्या टाचेची गोष्ट मुळात कुठली?
ट्रॉयच्या युद्धाच्या गोष्टी मुलांसाठी लिहितेय, अकिलीस या ग्रीक वीरापाशी अडलेय. आईने, थेटिसने, त्याला टाच धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं, म्हणून बाकी अंगाला शस्त्र लागेना, असं आपण ऐकत आलो. पण होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याचे २४ सर्ग भाषांतरातून वाचले, त्यात हे नाहीच. उलट २१व्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या अ‍ॅस्टेरोपेऑसचा भाला त्याच्या उजव्या हाताला चाटून जातो आणि काळसर रक्त उसळतं! होमरच्याच ओडिसीतही टाच नाही. पहिल्या शतकातल्या स्टेशियसच्या लॅटिन काव्यात नदी सापडली, पण ते होमरनंतर कितीतरी शतकांनी. दुर्योधनाच्या मांडीशी साम्य ठाऊक आहे, ते नकोय. ग्रीक येत नाही. इंग्रजी भाषांतर चालेल. स्टेशियसच्या आधीच्या कुठल्या ग्रंथात, नेमक्या कुठल्या भागात, ही टाच येते का?