इट्राकोनाझोल चालू असताना ॲसिडिटीची गोळी घेतली तर चालते का?

प्रश्न :
माझे वडील 64 वर्षांचे असून सांगली जिल्ह्यात शेती करतात. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या जांघेत आणि कमरेवर अगदी करगोट्याच्या रेषेत गजकर्ण पसरले आहे. सुरुवातीला त्यांनी मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून मलमाची ट्यूब आणली. चार दिवसांत खाज थांबे, ट्यूब संपली की चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येई. आता त्वचारोगतज्ज्ञांनी इट्राकोनाझोल या बुरशीनाशक औषधाच्या कॅप्सूल दिल्या आहेत. तीन आठवडे झाले, पण फरक फारच थोडा आहे. वडील पहाटे उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी आणि ही कॅप्सूल कोऱ्या चहाबरोबर एकदमच घेतात. शिवाय रक्तदाबासाठी अम्लोडिपिन आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन 40 चालू आहे. औषध लागू पडत नाही असे समजायचे का?

उत्तर 1 (फार्मासिस्ट) :
औषध निकामी आहे असे ठरवण्याआधी ते पोटातून रक्तात जाते आहे का, हे पाहिले पाहिजे. कॅप्सूलमधले बारीक दाणे विरघळायला जठरातले आम्ल लागते आणि पॅन्टोप्राझोल नेमके तेच आम्ल कमी करते. त्यात पोट रिकामे असेल तर औषधाचा बराचसा भाग शोषलाच जात नाही. म्हणून कॅप्सूल पोटभर जेवण झाल्याबरोबर घ्यावी, उघडून किंवा चावून खाऊ नये. ॲसिडिटीची गोळी खरोखर हवी आहे का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ॲसिडिटीचे पातळ औषध लागलेच, तर ते कॅप्सूलच्या निदान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावे.

आणि त्या जुन्या ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे कृपया वाचा. क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन असे नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. ते खाज दाबते, पण बुरशीला मोकळे रान देते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास हातोहात दिली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर 2 (त्वचारोगतज्ज्ञ) :
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. मला अधिक काळजी वाटते ती इतर गोळ्यांची. इट्राकोनाझोल यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवते, तेच ॲटोर्व्हास्टॅटिन आणि अम्लोडिपिन यांचा निचरा करते, त्यामुळे दोन्हींचे रक्तातले प्रमाण वाढते. ॲटोर्व्हास्टॅटिन अशा वेळी दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. त्याऐवजी सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी असती, तर ती इट्राकोनाझोलबरोबर देताच आली नसती. स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद झाली तर लगेच कळवा. हृदय अशक्त असलेल्या रुग्णाला गजकर्णासाठी हे औषध देऊ नये. पाय सुजले किंवा धाप लागली, तर ते अम्लोडिपिनमुळे आहे असे घरीच ठरवू नका, तपासून घ्या. महिन्यापेक्षा जास्त उपचार चालणार असेल, तर यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.

गजकर्ण आजकाल चिवट झाले आहे हेही खरे. आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. 2020 साली तिला हे नाव मिळाले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे दुसरे बुरशीनाशक औषध चालत नाही, म्हणूनच आम्हाला इट्राकोनाझोलकडे वळावे लागते. खाज थांबली म्हणून कॅप्सूल थांबवू नका. चट्ट्याची उंच कड पूर्ण बसेपर्यंत आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पुढेही ती घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट : करगोटा दिवसभर घामाने ओला राहतो आणि बुरशी तिथेच टिकते. तो काढून टाकावा, टॉवेल वेगळा ठेवावा, घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी करावा.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. ट्यूबवर क्लोबेटासोलच निघाले. आजपासून कॅप्सूल दुपारच्या जेवणावर घेतली आहे, आणि सोमवारी सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहोत. आईलाही मांडीवर खाज असल्याचे तिने आज पहिल्यांदाच सांगितले, तेव्हा तिलाही बरोबर नेतो. करगोटा काढायला वडील आधी तयार नव्हते. लहानपणापासून एक दिवसही तो कमरेवरून उतरला नव्हता. आज सकाळी आंघोळीला जाताना त्यांनी स्वतःच कात्री मागितली.